पुस्तक माळ्यावर टाकून कन्नड येत नाही

पत्र :

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, मराठी माध्यमात आठवीत शिकते. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. गावाचं नाव लिहीत नाही. पोरीला वाचनाचं वेड आहे. गावच्या वाचनालयातून रहस्यकथा, भुताखेताच्या गोष्टी आणते, आणि आता माझ्या जावेकडच्या जाड कादंबऱ्यांनाही हात घातलाय. सहामाहीत कन्नडला कशीबशी पास झाली. इंग्रजीही बेताचंच. परवा समाज विज्ञानाच्या पुस्तकात लपवलेली कादंबरी यांनी पकडली आणि माळ्यावर टाकून दिली. म्हणाले, "दहावी होईपर्यंत अवांतर काही नाही. वाचायचंच तर कन्नड वाच, इंग्रजी वाच. मराठी वाचून कोण नोकरी देणार आहे?" त्यांचंही चूक म्हणवत नाही. बेळगावात उद्यमबागेत कारखान्यात आहेत, कन्नड लिहिता-वाचता येत नाही म्हणून बरंच सोसलंय त्यांनी. सासूबाईंना तर तिच्या हातात पुस्तक दिसलं की काम आठवतं. धाकटा चौथीत आहे, त्याला वाचनाशी देणंघेणं नाही. पोरगी आता माझ्याशीही धड बोलत नाही. या वाचनाचा अभ्यासाला खरंच काही उपयोग असतो का, की आम्हीच लाड करतोय? कन्नडचं काय करू? आणि मी स्वतः सातवी शिकलेली, मला वाचायची सवय नाही. मी तिला काय सांगणार?

एक आई, खानापूर तालुका

उत्तर :

ताई, नमस्कार.

पुस्तक आधी माळ्यावरून खाली काढा. वाचनालयाचं असेल तर तारीख उलटून दंड बसेल. आणि पुस्तक वर पडलेलं असेपर्यंत मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं काहीही तुमच्या लेकीच्या कानात शिरणार नाही. जमलं तर ते तिच्या बाबांच्या हातूनच तिला मिळू द्या. माघार घेतली असं कुणी म्हणायला नको, कुणी समजुतीचं भाषणही करायला नको. "घे, पण अभ्यास झाल्यावर वाच," एवढं ते म्हणाले तरी तिला जे कळायचं ते कळेल.

आता मुख्य प्रश्न. मुलं आपल्या मनाने, आपल्याला आवडेल ते वाचतात, त्याचा अभ्यासाला उपयोग असतो का? असतो, आणि आपण समजतो त्याहून बराच जास्त असतो. ब्रिटनमध्ये १९७० साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची माहिती पुढे वर्षानुवर्षं गोळा केली गेली. तिच्या आधारे ॲलिस सलिव्हन आणि मॅट ब्राउन या लंडनच्या दोन संशोधकांनी २०१३ साली सुमारे सहा हजार मुलांचा हिशेब मांडला. दहा ते सोळा या वयात जी मुलं आवडीने वाचत होती त्यांनी शब्दसंपत्ती, शुद्धलेखन आणि गणित या तिन्हींत इतरांपेक्षा जास्त मजल मारली होती. होय, गणितातही. हुशार मुलं मुळातच जास्त वाचतात, मग ती पुढे असणारच, असं तुमचे यजमान म्हणतील, आणि ही शंका रास्त आहे. म्हणून या दोघांनी पाचव्या आणि दहाव्या वर्षी सारखेच गुण मिळवलेल्या, सारख्याच परिस्थितीतल्या घरांतल्या मुलांची तुलना केली. तरीही फरक उरला. आणि तो आईवडील पदवीधर असण्या-नसण्याने पडणाऱ्या फरकाहून मोठा होता. सातवी शिकलेल्या आईने मागचं वाक्य पुन्हा एकदा वाचावं, अशी माझी विनंती आहे.

गणिताचं कोडं तसं फार अवघड नाही. आठवी-नववीचं गणित निम्मं भाषेतच असतं. "एका व्यापाऱ्याने अमुक दराने माल घेतला, त्यातला तमुक खराब निघाला, उरलेला विकून इतका नफा झाला, तर..." हे चार ओळींचं वाक्य शेवटाला पोचेपर्यंत डोक्यात धरून ठेवता आलं पाहिजे. मी हायस्कुलात असताना आमच्या गणिताच्या सरांचा एक ठरलेला वैताग होता: "पोरांना भागाकार येतो, गणित वाचता येत नाही." रहस्यकथा वाचणारं पोर दहाव्या पानावरची चावी ऐंशीव्या पानापर्यंत लक्षात ठेवतं. ते कसब काही वेगळं नाही.

हा उपयोग होतो कसा, ते यजमानांना सांगायचं असेल तर आकड्यांत सांगा. कारखान्यातल्या माणसाला आकडे पटतात. रिचर्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांकडून शाळेबाहेरच्या वेळेची नोंद ठेवून घेतली. वाचनात वरच्या दहा टक्क्यांच्या उंबरठ्यावर असलेलं मूल रोज साधारण एकवीस मिनिटं पुस्तक वाचत होतं. मधलं मूल पाच मिनिटंसुद्धा नाही. एकवीस मिनिटांना वर्षाला अठरा लाख शब्द डोळ्यांखालून जातात. मधल्या मुलाच्या वाट्याला पावणेतीन-तीन लाख. आपल्या मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आपला आकडा कमी भरेल, पण प्रमाण तेच. आणि नवा शब्द एकदा भेटला की लगेच आपला होत नाही. एका भेटीत तो कायमचा समजण्याची शक्यता विसात एक, असं याच अँडरसन यांच्या गटाला आढळलं होतं. म्हणजे तोच शब्द पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या जागी भेटावा लागतो. धड्यामागचे पंधरा शब्दार्थ पाठ करून ही संख्या कधीच गाठता येत नाही. टीव्हीनेही नाही: मुलांच्या साध्या गोष्टींच्या पुस्तकातसुद्धा, मोठ्यांच्या टीव्ही कार्यक्रमांपेक्षा आणि शिकलेल्या माणसांच्या गप्पांपेक्षा कमी वापरातले शब्द जास्त असतात, अशी मोजणीही अमेरिकेत झालेली आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? निबंधात दोन ओळींपुढे सरकत नाही म्हणून पोरांना आपण बोल लावतो, पण तिसरी ओळ त्यांच्याकडे असते कुठे?

शब्दांच्या पलीकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती शब्दांहून मोलाची वाटते. वाचणाऱ्या मुलाला नकळत हजार गोष्टींची ओळख होऊन बसते. सावकार तारण कशाला घेतो, वकीलपत्र म्हणजे काय, जहाजावर गोड्या पाण्याचं काय करतात, युद्धाच्या काळात भाव का चढतात. हे कुणी शिकवलेलं नसतं. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली तुमच्या लेकीच्याच वयाच्या, सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं ही वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आधी माहीत असेल तर नवं समजतं, हा त्याचा अर्थ.

आता तुमच्याच भागात या. कित्तूरची राणी चेन्नम्मा, इंग्रजांशी झालेली १८२४ ची लढाई, राणीचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा हे सगळं समाज विज्ञानाच्या पुस्तकात येतं. रायण्णाला १८३१ साली फाशी दिली ती नंदगडला. तुमच्या घरून नंदगड किती लांब असेल? पुस्तकात त्या सगळ्याला काही ओळी मिळतात. कुठल्याही ऐतिहासिक कादंबरीतून दत्तकाचा वाद, किल्ल्याची नाकेबंदी, फितुरी या गोष्टी जिच्या डोळ्यांसमोरून आधी गेल्यात, तिला कित्तूरचा दत्तक इंग्रजांनी का नाकारला हे पाठ करावं लागत नाही. तिला ते माहितीचं वाटतं. तेव्हा समाज विज्ञानाच्या पुस्तकात कादंबरी लपवली यात तशी विसंगती काही नाही, फक्त वेळ चुकीची होती.

"पण ती वाचते ते भुताखेताचं, त्यात कसलं ज्ञान?" तुम्ही असं लिहिलं नाहीत, पण लिहिता लिहिता थांबलात असं वाटलं. भुतं वाचू द्या. रहस्यकथाही वाचू द्या. एकाच नायकाच्या, एकाच धाटणीच्या ओळीने पंधरा गोष्टी वाचणाऱ्या मुलाला आपण उगाच नाक मुरडतो. तीच माणसं, तोच परिसर, तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे वाचनाचा वेग वाढतो, आणि वर सांगितलं तशी शब्दाची पुन्हा पुन्हा भेटही होते. मुलं तिथेच अडकून पडतात असं मी तरी पाहिलेलं नाही. कंटाळा आला की ती आपोआप पुढचा कप्पा उघडतात. तुमची लेक भुतांवरून जावेच्या कपाटापर्यंत आलीच की.

जावेच्या कादंबऱ्यांबद्दल मात्र थोडं वेगळं सांगते. तेराव्या वर्षी प्रेम, लग्न, बाहेरख्यालीपणा असलेलं पुस्तक हाती लागणारच. बरंचसं डोक्यावरून जातं, काही मनात घर करतं. बंदी घातली तर तेच वाचन परसात किंवा मैत्रिणीकडे होईल, आणि मग त्याबद्दल तुमच्याशी बोलायची वाट बंद. त्यापेक्षा जावेलाच विचारा, यातलं हिला कुठलं चालेल. बायका बायकांत ठरवून मोकळ्या व्हा. मला काळजी मोबाइलवरच्या फुकट क्रमशः गोष्टींची जास्त वाटते. तिथे ना वाचनालयातल्या मामांची नजर असते, ना जावेची. शिवाय वाचलेलं कागदावर पडद्यापेक्षा थोडं बरं समजतं, विशेषतः माहितीचा मजकूर असेल तेव्हा. २०१८ साली चोपन्न अभ्यास एकत्र करून काढलेला हा निष्कर्ष आहे.

बरं, कन्नड.

सीमाभागात हा विषय निघाला की घराघरात आवाज चढतो, आणि पोराची प्रगतिपुस्तिका बाजूला राहून भलताच वाद सुरू होतो. तो वाद आपण बाहेर ठेवू. तुमच्या यजमानांनी जे सोसलं ते खरं आहे. आपण कर्नाटकात राहतो. तहसील कचेरी, पोलीस ठाणं, विजेचं बिल, सगळीकडे कन्नड लागतं. पोरीला कन्नड यायलाच हवं. फक्त मराठी पुस्तक काढून घेतलं म्हणून त्या जागी कन्नड येऊन बसत नाही. जागा रिकामी राहते, किंवा मोबाइल येऊन बसतो.

तुमच्या लेकीची कन्नडची वही एकदा उघडून बघा. मी पैजेने सांगत नाही, पण आमच्या शाळेत बहुतेक वह्या अशा असायच्या: धड्यातल्या प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ, आणि प्रश्नाचं कन्नड उत्तर देवनागरीत लिहून पाठ केलेलं. परीक्षेत ते उत्तर आठवून पुन्हा कन्नड लिपीत उतरवायचं. मध्ये एखादं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर, चुकलं की पुढची सगळी ओळ ढासळते. हे मूल कन्नड वाचत नाही, एकेक अक्षर सोडवत बसतं. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. अशा मुलाला आठवीचं कन्नड पुस्तक दहादा वाचायला लावून काय होणार? त्याला हवंय सोपं, इतकं सोपं की एका पानावर अडेल असे दोनतीनच शब्द असावेत. म्हणजे दुसरी-तिसरीच्या मुलांची गोष्टींची पुस्तकं.

तेरा वर्षांची मुलगी हत्ती-उंदराच्या गोष्टी वाचायला लाजणार. इथे तुमचा चौथीतला उपयोगी पडेल. त्याला कन्नड गोष्ट वाचून दाखवायची जबाबदारी तिच्यावर टाका. ताई शिकवणार आणि तो ऐकणार, मग लाज कशाची? वाचणार तीच. रोज एक छोटी गोष्ट, मोठ्याने, आणि डोक्यावर पेन्सिलीने अर्थ लिहायला सक्त मनाई. प्रथम बुक्स या संस्थेचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावर मुलांच्या चित्रगोष्टी फुकट वाचायला मिळतात, आणि बऱ्याच गोष्टी मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषांत आहेत. आधी मराठीत वाचायची, गोष्ट कळली की तीच कन्नडमध्ये. काय चाललंय हे माहीत असल्यामुळे शब्दाचा अंदाज बांधता येतो. एवढ्यापुरता मोबाइल वापरायला माझी हरकत नाही. पुस्तकंच हवी असतील तर ग्रामपंचायतीच्या वाचनालयात जा. कर्नाटक सरकारच्या 'ओदुव बेळकु' या २०२० साली सुरू झालेल्या योजनेत मुलांना तिथलं सभासदत्व फुकट आहे. आपले मराठी लोक त्या दारात फारसे जात नाहीत, कारण तिथे पुस्तकं प्रामुख्याने कन्नड असतात. तुम्हाला तर नेमकी तीच हवी आहेत.

हे परभाषेत खरंच चालतं का? फिजी बेटांवरच्या खेड्यांतल्या शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी करून पाहिलं होतं. त्यांचे निष्कर्ष १९८३ साली आले. तिथल्या मुलांची घरची भाषा वेगळी, शाळेत इंग्रजी. म्हणजे आपल्यासारखीच कसरत. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या काही वर्गांत इंग्रजी गोष्टींची अडीचशे सचित्र पुस्तकं ठेवली आणि रोज थोडा वेळ वाचनाला दिला. आठ महिन्यांनी चाचणी घेतली तेव्हा वाचून समजण्यात या वर्गांनी नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या वर्गांच्या जवळपास दुपटीने प्रगती केली होती. पुस्तकं गोष्टींची होती, अडीचशे होती, मुलांना आवडतील अशी होती. व्याकरणाचं एकही नव्हतं.

आणि मराठी वाचल्याने कन्नड-इंग्रजी मागे पडतं हा समज तर सोडूनच द्या. जिम कमिन्स नावाचे कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक आहेत. त्यांनी १९७९ साली मांडलं की एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडते. लिपी नवी शिकावी लागते, शब्द नवे शिकावे लागतात. पण परिच्छेदाचं सार काढणं, लेखक टोमणा मारतोय की खरं बोलतोय ते ओळखणं, पुढे काय येणार याचा अंदाज बांधणं, हे प्रत्येक भाषेत नव्याने शिकावं लागत नाही. तुमच्या लेकीने हे मराठीत कमावलेलं आहे. तिची भाषेची बाजू भक्कम आहे, तिला कमी पडतोय तो कन्नड अक्षरांचा सराव.

यजमानांसाठी आणखी एक हिशेब. एसएसएलसीचे, म्हणजे आपल्याकडच्या दहावीच्या परीक्षेचे, एकूण गुण ६२५. प्रथम भाषा १२५ ची, बाकी दोन भाषा शंभर-शंभरच्या. म्हणजे ३२५ गुण, निम्म्याहून जास्त, निव्वळ भाषांचे. त्यातले १२५ तुमच्या लेकीच्या आवडत्या मराठीचे. राहिलेले गणित, विज्ञान, समाज विज्ञान हे पेपरही ती मराठीतच वाचणार आणि लिहिणार. मराठी वाचून नोकरी कोण देणार, हा प्रश्न पुढचा आहे. आधी दहावी पार पडायची आहे, आणि ती बरीचशी मराठीतूनच पडणार आहे.

वाचनाने काय होत नाही तेही सांगून टाकते, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही मलाच पत्र लिहाल. कादंबरी वाचून बीजगणित सुटत नाही. कन्नडचं पत्रलेखन, व्याकरण, निबंधाचा साचा हे सरावानेच येणार. त्याला शिकवणी लावायची असेल तर लावा. आणि ज्या पोराला वाचताच येत नाही त्याच्या हातात नुसतं पुस्तक देऊन वीस मिनिटं बसवलं की काम झालं, असंही नाही. त्याच्याशेजारी कुणीतरी बसावं लागतं. तुमच्या धाकट्याच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. त्याला वाचनाशी देणंघेणं नाही असं तुम्ही एका ओळीत उरकलंत. मला त्याची काळजी लेकीपेक्षा जास्त वाटते. चौथीत मूल पुस्तकापासून लांब पळत असेल तर आधी ते अडखळतंय का हे बघायला हवं. रोज ताईने गोष्ट वाचून दाखवली तर त्याच्याही पदरात काही पडेल.

सासूबाईंचं तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. "हातात पुस्तक दिसलं की काम आठवतं." आपल्याकडे पुस्तक घेतलेली मुलगी रिकामी बसलेली दिसते. "काय वाचूलालीस गं दिवसभर, उठ, भांडी पडल्यात," ही हाक मुलीलाच येते. धाकटा क्रिकेट खेळत असतो, त्याला कोण हाक मारतं? हे सासूबाईंना सुनवायला जाऊ नका. त्यांच्या लहानपणी पुस्तक हातात धरायची सोय होती की नाही कुणास ठाऊक. कामं मात्र वाटून द्या, दोघांत, आणि वेळ ठरवून द्या. लेकीची कामं अमुक वाजेपर्यंत. त्यानंतर अर्धा-पाऊण तास तिचा, त्या वेळात तिला कुणी उठवायचं नाही, पाहुणे आले तरी चहा तुम्ही टाकायचा. वेळ तिला आधी माहीत असली की समाज विज्ञानाच्या पुस्तकात काही लपवायचं कारण उरणार नाही. अभ्यासाच्या वेळेत पकडलीच, तर पुस्तक त्या दिवसापुरतं बाजूला, दुसऱ्या दिवशी परत. दहावीपर्यंत बंदी ही शिक्षा नव्हे. तेरा वर्षांच्या मुलीला तेवढा काळ म्हणजे जन्म वाटतो.

आणि त्या अर्ध्या-पाऊण तासावर कुणी परीक्षा लावायची नाही. "काय शिकलीस यातून?", "तात्पर्य सांग", "पाच नवे शब्द लिही" यातलं एकही नको. ही आम्हा मास्तरलोकांची खोड, आणि चांगल्या वाचणाऱ्या मुलांचं वाचन या खोडीने सुटलेलं मी पाहिलंय. पुस्तक आवडलं नाही म्हणून अर्ध्यात टाकलं तरी टाकू द्या. आपणही मालिका अर्धवट सोडतो. विचारायचंच असेल तर ज्यात खरं कुतूहल असेल तेवढंच विचारा: "मग तो वाड्यातला माणूस कोण निघाला?" तुमच्याशी धड बोलत नाही म्हणता ना, इथून बोलायला लागते का बघा.

पुस्तकांची आपल्या भागात तशी ददात नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. शहरात कामाला जाणं होत असेल तर तिथलं सभासदत्व तिच्या बाबांच्या नावाने काढता येतं का विचारा. उद्यमबागेतून सुटल्यावर वाकडी वाट करून लेकीसाठी पुस्तक बदलून आणणारा बाप, ही कल्पना त्यांना आज पटणार नाही. पण काढून घेणाऱ्यानेच आणून द्यायला सुरुवात केली तर मला आवडेल. 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते आहे, तुमच्या दोन्ही मुलांना चालेल, आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशी गावोगावची साहित्य संमेलनं असतात. ग्रंथदिंडी आणि भाषणं तिला कंटाळवाणी वाटतील, वाटू द्या. पुस्तकांच्या स्टॉलपाशी तिला शंभर-दीडशे रुपये देऊन एकटी सोडा आणि तुम्ही लांब उभ्या राहा. ती कुठलं घेते त्यावर एक अक्षर बोलू नका.

शेवटी तुमचं स्वतःचं. सवय नाही, मग समजावू कशी, असं विचारलंत. समजवायचं काहीच नाही, तिला वाचन कळतं. तुम्हाला वाटलं तर तुम्हीच वाचायला लागा. घरी जुना दिवाळी अंक असेल तर त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट घ्या. नाहीतर लेकीलाच सांगा, मला झेपेल असं काहीतरी आण. ती काय निवडून आणते त्यावरून ती तुम्हाला काय समजते तेही कळेल, थोडं झोंबेल कदाचित. गावच्या वाचनालयात तुमच्याही नावाने सभासदत्व काढा. बहुतेक ठिकाणी एका खात्यावर एका वेळी एकच पुस्तक देतात, तेव्हा तुमचं खातं निघालं की घरात दोन येतील. त्यातलं दुसरंही तीच वाचून संपवेल, ती गोष्ट वेगळी.